अर्धा तास

"अर्धा तास काही खायचं नाही,"
रब्बी प्लॉटकिन म्हणाले,
आणि समोर आणून ठेवलेली
खसखशीच्या बिस्किटांची बशी स्वतःच उचलून
कपाटावर ठेवली, जुन्या प्रार्थनापुस्तकांच्या चळतीवर.

बाहेर विनिपेग. उणे एकतीस.
गाडीच्या इंजिनाला विजेची वायर लावून
गुरासारखी तिला खुंट्याला बांधून आलो होतो आम्ही.

आलो होतो लग्नाचं विचारायला:
मांडवाचे चार खांब कुणी धरायचे,
एल्कानच्या आईचा पहिला नवरा बसेल कुठे,
पायाखाली फोडायचा पेला खराच हवा
की विजेच्या दिव्यावर भागेल.
त्यांनी सगळं लिहून घेतलं.
मग ज्या खणात लग्नाचे करारनामे असतात
त्याच खणातून दोन डब्या काढल्या,
साबणाच्या वडीएवढ्या. आत एकेक नळी.
"या रेघेपर्यंत थुंकायचं."

एल्कानला हसू आवरेना. मलाही.
माझं कुणी कौतुक केलं की माझी पणजी
तोंड वळवून थू थू थू करायची,
दृष्ट लागू नये म्हणून.
"तेच," रब्बी म्हणाले,
"फक्त नळीत. आणि जरा जास्त."

मग घड्याळाकडे बघत, जणू वेळ काढायचा म्हणून:
"माझ्या आईनं पाळण्यावर रोज तीनदा केलं.
झाल्मन सहा महिन्यांचा होईतो सगळ्यांसारखाच होता.
कुशीवर वळायचा. माझा चष्मा ओढायचा.
मग वळणं विसरला.
चमचा पडला तरी दचकायचा,
आणि दचकून माझ्याकडे बघायचा नाही.
डॉक्टरांनी डोळ्यात उजेड टाकला, म्हणाले,
आत एक लाल ठिपका आहे, चेरीसारखा.
आईला वाटलं,
चेरी म्हणजे काहीतरी चांगलंच असणार.

शाळेतून आलो की त्याला भरवायचं काम माझं.
एक वाटी पेज. एक तास.
साडेतीन वर्षांचा असताना गेला.
बाबा धडधाकट, आई धडधाकट.
लोक म्हणतात, दोघांच्या रक्तात एकेक अक्षर चुकलेलं.
मला नाही आवडत ही उपमा.
पोथीतलं अक्षर चुकलं तर खरवडून सुधारतात,
नाही सुधारलं तर पोथी पुरतात.
माणूस काय पोथी आहे?"

एल्कान टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत राहिला.

"दोघांच्याही चाचणीत तेच निघालं
तर लग्न मोडा असं मी म्हणणार नाही.
परत या. डॉक्टर आहेत, वाटा आहेत,
एकेक बघू. त्या दिवशी बिस्किटं आधी."

मी विचारायला नको होतं.
"तुमच्या आईबाबांना आधी कळलं असतं,
तर झाल्मन..."
पुढचा शब्द मला सापडला नाही,
त्यांनीही तो पुरवला नाही.
हीटर मधेच खडखडला.
"त्याला माझा चष्मा फार आवडायचा,"
ते म्हणाले. मग, "अजून चार मिनिटं."

चार मिनिटांनी तोंडाला कोरड.
दोघंही नळी ओठांशी धरून, ठणठणीत.
"लोणच्याचा विचार करा," रब्बी म्हणाले,
"बरणीतली आंबट काकडी. तुमच्या आजीची. नाहीतर दुकानातली."
कितीतरी वेळ लागला रेघेपर्यंत यायला.

त्यांनी झाकणं घट्ट केली,
चिठ्ठीवर लिहिलं: तिर्झा, शिफ्राची मुलगी.
थबकले.
आजाऱ्यासाठी प्रार्थना करताना असंच लिहितात,
आईच्या नावानं.
प्रयोगशाळेला आडनाव लागतं.
एक रेघ ओढली, वर आडनाव लिहिलं,
पण आईचं नाव नीट वाचता येईल
इतकी बारीकच ती रेघ.

मग खुर्चीवर चढून, या वयात,
एल्कानचा हात नाकारत,
बशी खाली काढली.
"आता खा," म्हणाले.